कागदावरचा रोगी

वकिलाकडे येणारा अशील आणि वैद्याकडे येणारा रोगी ह्या दोघांत एक साम्य आहे. दोघेही आपली अडचण प्रकरणवार लावून आणीत नाहीत. "माझा दावा अमुक कायद्याच्या अमुक कलमाखाली येतो" असे म्हणत कोणी आमच्या कचेरीची पायरी चढल्याचे आम्हांस स्मरत नाही. अशील बोलू लागतो तो धाकट्या भावाने कुंपण कसे सरकवले, वडिलांच्या तेराव्याला वहिनी काय बोलली आणि आजोबांच्या वेळचा कागद वाळवीने कसा खाल्ला, येथपासून. रोग्याचेही तसेच. "चार दिवस अंगात कणकण आहे, जेवण जात नाही" एवढ्यावर त्याचे शास्त्र संपते. त्यातले शरीररचनेचे किती, जीवरसायनाचे किती आणि औषधशास्त्राचे किती, हे निवडण्याचे काम ऐकणाऱ्याचे. असे असूनही ह्या दोन्ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेल्या त्या मात्र प्रकरणवारच. वैद्यकाच्या मुलाने प्रथम हाडे, स्नायू आणि शिरा ह्यांची नावे घोकावी आणि मग कधीतरी जिवंत माणसाच्या खाटेशी उभे राहावे. कायद्याच्या मुलाने कलमे पाठ करावी आणि अशिलाचे तोंड सनद मिळाल्यावर पाहावे, असा तो क्रम.

कायद्याच्या शिक्षणात ह्या क्रमाला मोठा धक्का दिला तो अमेरिकेतील हार्वर्डच्या क्रिस्टोफर लँग्डेल ह्यांनी. १८७० साली ते तेथे आले आणि व्याख्यान देण्याऐवजी त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती प्रत्यक्ष खटल्यांचे निवाडे दिले. वर्गात येऊन ते प्रश्न विचारीत आणि त्यांची उत्तरे स्वतः देत नसत. विद्यार्थी इतके कंटाळले की वर्गात अखेर मूठभरच उरले. तरीही पुढे ती पद्धत अमेरिकेतील बहुतेक कायदेशाळांनी उचलली. आम्ही स्वतः ज्या महाविद्यालयात कायदा शिकलो तेथे हे वारे पोहोचले नव्हते. तेथे प्राध्यापक वही उघडीत, आम्हीही वही उघडीत असू, आणि एका वहीतला मजकूर फारशी खळखळ न होता दुसऱ्या वहीत उतरे.

वैद्यकाला हे सुचावयास जवळजवळ आणखी शंभर वर्षे लागली. कॅनडाच्या आँटारिओ प्रांतात हॅमिल्टन नावाचे पोलादाच्या कारखान्यांचे शहर आहे. तेथील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६० च्या दशकाच्या मध्यास नवे वैद्यकीय महाविद्यालय काढावयाचे ठरवले आणि जॉन इव्हान्स नावाच्या एका तरुण डॉक्टरांस त्याचे अधिष्ठाते केले. १९६९ मध्ये पहिली तुकडी बसली ती अवघ्या वीस विद्यार्थ्यांची. ह्या वीस जणांस प्रथम शरीररचना, मग शरीरक्रिया, मग विकृतिशास्त्र अशी शिडी चढावयाची नव्हती. त्यांना पहिल्या दिवसापासून रोगी भेटणार होता, मात्र पुष्कळदा तो कागदावर असणार होता. पुढे ह्या पद्धतीचे मोठे प्रवर्तक म्हणून ओळखले गेलेले हॉवर्ड बॅरोज हे मेंदूच्या विकारांचे तज्ज्ञ. मज्जासंस्थेची रचना मुलांनी वर्गात उत्तम पाठ केलेली असते, पण रोगी समोर येताच त्यातले काहीच त्यांना कामी लावता येत नाही, हे त्यांनी पाहिले होते. 'प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग' हे तिचे नाव. मराठीत समस्याधारित अध्ययन म्हणावे. विद्यार्थी 'पीबीएल' म्हणतात, आणि ते ज्या स्वरात म्हणतात त्यावरून त्यांचे मत बहुधा कळते.

पद्धत सांगावयास सोपी आहे. सहा ते दहा विद्यार्थी एका मेजाभोवती बसतात. त्यांच्यातलाच एक अध्यक्ष होतो, एक फळ्यावर लिहिणारा लेखनिक. शिक्षक असतो, पण तो शिकवीत नाही. गाडी रुळावर आहे ना एवढेच पाहतो. रोग्याची हकीकत असलेला कागद वाटला जातो. नेदरलंड्समधील मास्ट्रिख्त येथे १९७४ साली ह्याच धर्तीवर वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. तेथील लोकांनी त्याचे सात टप्पे बांधले आणि त्यांस 'सात उड्या' असे गमतीचे नाव दिले. न कळलेले शब्द उलगडावे. समस्या काय ती नेमकी ठरवावी. सुचेल ते सर्व बोलावे. बोललेले लावून घ्यावे. आपणांस काय ठाऊक नाही ह्याची यादी करावी. घरी वा ग्रंथालयात जाऊन ते शिकावे. आणि पुन्हा जमून एकमेकांस सांगावे. पहिल्या पाच उड्या एका बैठकीत, सहावी एकट्याने, सातवी दोन-चार दिवसांनी पुन्हा मेजाभोवती. ह्यातील पाचवी उडी आम्हांस फार मोलाची वाटते. आपले अज्ञान क्रमवार लिहून काढावयास लावणारी दुसरी परीक्षा आमच्या पाहण्यात नाही.

आता हे सर्व आम्ही पुस्तकांतून वाचले, पण त्याची चव कळली ती आमच्या भाच्यामुळे. तो कर्नाटकातील एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होता. तेथे व्याख्याने होतीच, पण आठवड्यातून दोन दुपारी ह्या मंडळांसाठी राखलेल्या असत. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्याच्या आठ जणांच्या मंडळातले पाच जण गोव्यात आमच्याकडे चार दिवस राहून गेले. मुले दिवसा देवदर्शन, समुद्र आणि फणस ह्यांचा समाचार घेत, आणि रात्री सोप्यावर बसून भांडत. भांडणाचा विषय बहुधा हाच. आम्ही कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत पडून ऐकत असू. साक्षीदार आपसांत बोलत असताना न्यायालयाबाहेर जे कळते ते पिंजऱ्यात उभे करून कळत नाही, हा वकिलीचा जुना अनुभव आहे.

पहिली तक्रार सर्वांत हुशार मुलाची. हा इंदूरचा, त्याचे पणजोबा होळकरांच्या चाकरीत तिकडे गेलेले, आणि घरी अजून पुरणपोळीला पोळीच म्हणणारे. तो म्हणाला, "मामा, किती शिकायचे हेच कोणी सांगत नाही. मधुमेहाचा रोगी आला. मी इन्शुलिनचा रेणू वाचू, की मूत्रपिंड वाचू, की त्याच्या पायाची जखम वाचू? व्याख्यानाला निदान शेवट असतो. सर वही मिटतात आणि आपण समजतो, येथवर आपले काम." ही तक्रार आळशी मुलाची नव्हे हे लक्षात घेतले पाहिजे. आळशास सीमा नसल्याचे दुःख कधीच होत नाही. ज्याला सर्व शिकावयाचे आहे त्यालाच कुंपण कोठे आहे हे न कळल्याने रात्री झोप येत नाही. अमेरिकेत १९९३ साली ह्या पद्धतीवरील संशोधनाचे दोन मोठे आढावे प्रसिद्ध झाले, त्यांतील एकातही हेच सापडते: अशा रीतीने शिकलेले विद्यार्थी मूलभूत शास्त्रांत आपली तयारी कमी आहे असे स्वतःच समजत. हे समजणे कितपत खरे, त्याविषयी पुढे येईलच.

दुसरी तक्रार शिक्षकांविषयी, आणि ती सर्वांनी एकदम मांडली. एका सत्रात त्यांना लाभलेले शिक्षक मौनव्रत धरल्याप्रमाणे बसत. मुले चुकीच्या रानात कितीही दूर गेली तरी ते हाक मारीत नसत. कारण कोणत्याशा प्रशिक्षणात त्यांना सांगितले होते की बोलू नये. पुढच्या सत्रातले शिक्षक ह्याच्या उलट. पाच मिनिटे कसेबसे गप्प राहून ते उठत, लेखनिकाच्या हातून खडू घेत आणि पाऊण तास व्याख्यान देत. मुलांना हे दुसरे शिक्षक अधिक आवडले, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, आणि त्याबद्दल त्यांना थोडी लाजही वाटत होती. तिसऱ्या प्रकारचे शिक्षक मुलांनी आम्हांस वर्णन करून सांगितले ते ऐकून आम्ही खुर्चीत उठून बसलो. हे गृहस्थ व्याख्यान देत नसत, प्रश्नच विचारीत, पण प्रश्न असा, "ह्या रोग्याचे यकृत बिघडले असावे असे तुम्हांस वाटत नाही काय?" आमच्या धंद्यात ह्याला सूचक प्रश्न म्हणतात. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो आपल्याच साक्षीदारास विचारण्यावर बंधन होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. बंधनाचे कारण साधे आहे: अशा प्रश्नाचे उत्तर साक्षीदाराचे नसते, वकिलाचे असते. मेजाभोवतीच्या शिक्षकास हा कायदा लागू नाही, परंतु लागू असता तर बरे झाले असते असे आमचे मत आहे.

मग आली फुकट्यांची गोष्ट. प्रत्येक मंडळात एक-दोन जण असतात जे वाचून येत नाहीत, आणि दुसऱ्याने सांगितलेले "हो, आणि मलाही असेच वाटते" म्हणून आपलेसे करतात. मुंबईच्या बाजूने आलेला एक विनोदी मुलगा म्हणाला, "आरतीत मागे उभा राहून नुसते ओठ हलवणारा माणूस असतो ना मामा, तो." ह्या उपमेवर बराच वेळ हशा झाला. प्रसादाच्या वेळी तो माणूस सर्वांच्या पुढे असतो, हे आमच्या घरातून मामींनी जोडले. मुलांची तक्रार अशी की मंडळातील सहभागास गुण असतात आणि शिक्षक मोजतात तो आवाज. वाचन मोजत नाहीत. ज्याचे इंग्रजी सफाईदार तो वाचला नसला तरी तरतो.

एक गुपितही त्या रात्री फुटले. रोग्यांच्या हकीकती दर वर्षी बदलत नाहीत. वरच्या वर्गातील मुले आपल्या वेळच्या याद्या खालच्या वर्गास देतात; इतकेच नव्हे, त्या याद्यांच्या नकला वसतिगृहाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळत असत. मग बैठकीत सर्व जण विचार करीत असल्याचे सोंग आणीत आणि अर्ध्या तासाने, जणू आत्ताच सुचले अशा मुद्रेने, यादीतलाच मुद्दा फळ्यावर येई. पढवलेला साक्षीदार जसा उत्तरापूर्वी थोडा थांबतो, तसे. मास्ट्रिख्तमधल्या अभ्यासकांनीही असे घडते हे नोंदले आहे: टप्पे सगळे पाळले जातात, त्यांतला विचार मात्र निघून गेलेला असतो, त्यांनी त्यास कर्मकांड हाच शब्द वापरला आहे. हा शब्द डचांच्या तोंडून ऐकताना आम्हांस मौज वाटली. विधी उरणे आणि देवता जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

इतके ऐकल्यावर कोणासही वाटावे की ही मुले ह्या पद्धतीस विटली असणार. आम्हीही तसे विचारले: उद्यापासून ह्या बैठका बंद करून त्या जागी व्याख्याने ठेवली तर? पाचांपैकी चौघे एकदम "नको" म्हणाले. कारणे मात्र वेगवेगळी. इंदूरचा म्हणाला की व्याख्यानात ऐकलेले परीक्षेनंतर उरत नाही, पण मंडळात ज्या रोग्यावर भांडण झाले त्याचे सोडियम किती होते तेसुद्धा आठवते. भाचा म्हणाला की प्रथमच आपण डॉक्टर होणार आहोत असे वाटले ते त्या खोलीत. बेळगावच्या मुलाचे उत्तर आम्हांस सर्वांत आवडले: "मला माहीत नाही असे मोठ्याने म्हणायला मी तिथे शिकलो. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, कॉलेजात इंग्रजी. मी तिन्ही भाषांत गप्प राहायचो." पाचवी उत्तर देत नव्हती. ती सत्तरीची.

ती मुलगी वाळपईच्या पलीकडच्या एका गावची. घरी काजूची थोडी झाडे, वडील हंगामात दुसऱ्यांच्या बागांतही कामास जाणारे. प्राथमिक शिक्षण मराठीत. घराण्यात वैद्यक शिकणारी ती पहिलीच, आणि पहिल्या वर्षी ह्या बैठकांनी तिला जेरीस आणले होते. व्याख्यानात मागच्या बाकावर बसता येते. आठ खुर्च्यांच्या मेजास मागचे बाक नसते. ती रात्री दोनपर्यंत वाचून जाई आणि बैठकीत एक अक्षर बोलत नसे. इंग्रजी वाक्य मनात जुळवून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. सहभागाचे गुण इतके कमी पडले की एका सत्राअखेर तिने वडिलांस दूरध्वनी करून परत येते म्हणून सांगितले होते. वडिलांनी फी भरण्यासाठी काढलेल्या कर्जाचा उच्चार केला नाही, फक्त "ये" म्हणाले. आणि त्यामुळेच ती गेली नाही, असे तिने आमच्या घरातल्यांना स्वयंपाकघरात सांगितले. आरामखुर्चीला सर्वच ऐकू येत नाही.

पुढची हकीकत मुलांनी सांगितली, ती सोप्यावर, आणि तिच्यासमोर. दुसऱ्या वर्षी मार्च महिन्यात एक कागद आला. पस्तीस वर्षांची स्त्री, सहा दिवस सणकून ताप, डोके आणि सांधे अतिशय दुखतात, हिरड्यांतून रक्त. काजूच्या बागेत मोलमजुरी करते. रक्तात पांढऱ्या पेशी कमी, रक्तबिंबिका कमी. मंडळ तुटून पडले. डेंग्यू, असे इंदूरने तीन मिनिटांत जाहीर केले. हिवताप कोणी सुचवला, त्याची तपासणी नकारात्मक असल्याचे पुढच्या कागदावर होते. लेप्टोस्पायरा म्हणावे तर पाऊस नाही, भातशेती नाही. डेंग्यूचीही तपासणी नकारात्मक निघाली, तेव्हा तपासणीच चुकली असेल येथपर्यंत मजल गेली. काजूच्या बागेचा उल्लेख सर्वांनी वाचला होता आणि हकीकतीला जराशी सजावट म्हणून सोडून दिला होता. एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, आणि तोही कोंकणीत: "थंय माकड मेल्यात काय?"

शिक्षकांस कोंकणी येत नव्हते. बेळगावच्या मुलाने भाषांतर केले. शिक्षकांनी, हे मौनव्रतवाल्यांपैकीच होते, काही न बोलता पुढचा कागद काढून मेजावर ठेवला. त्यावर पहिलेच वाक्य होते की बागेच्या परिसरात मागील पंधरवड्यात काही माकडे मेलेली आढळली होती.

कॅसनूरच्या जंगलातला ताप, अथवा आपल्याकडे ज्याला माकडताप म्हणतात तो हा रोग. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात कॅसनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधून काढला. तो पसरतो रानातल्या गोचिडींमुळे. माकडे त्याला बळी पडतात, आणि माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी जमिनीवर उतरतात. जो कोणी पाला गोळा करावयास, सरपण आणावयास किंवा काजू वेचावयास त्या वेळी तेथे जातो त्याला त्या चावतात. हिवाळ्यात रोगाचा हंगाम सुरू होतो आणि पाऊस लागेतो चालतो. काजूचाही हंगाम त्यातच येतो. २०१५ मध्ये हा रोग सत्तरीतल्या पाली गावी आला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. ती मुलगी तेव्हा शाळेत होती. शेजारच्या वाड्यांवर तापाची माणसे तिने पाहिली होती, आणि माकड मेलेले दिसले तर हात लावू नये, कळवावे, हे आरोग्यखात्याच्या माणसाकडून ऐकले होते. पुस्तकात तो रोग अर्ध्या पानाचा होता. तिच्या डोक्यात त्याला गाव होते.

हकीकत येथे संपवावी असे गोष्टी लिहिणाऱ्यास वाटेल. आम्ही त्या मुलीस विचारले, त्यानंतर तू बोलू लागलीस ना? ती म्हणाली, "नाही मामा. पुढच्या आठवड्यात हृदयाच्या झडपेची केस होती. त्यात माझ्या गावचे काही नव्हते. मी पुन्हा गप्पच." थोड्या वेळाने म्हणाली, "पण हे माझ्याकडे वळून बघायला लागले. ते एवढेच बदलले." इंदूरचा मुलगा ह्यावर सोप्याच्या खांबाकडे पाहू लागला. पुढच्या सत्रात लेखनिकाचे काम तिने मागून घेतले, असे भाच्याने सांगितले, फळ्यावर लिहिणाऱ्यास निदान "काय म्हणालास?" इतके तरी विचारावेच लागते.

आता पुराव्याकडे. विद्यार्थ्यांस एखादी पद्धत आवडते एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही. गोड बोलणारा साक्षीदार खरा असतोच असे नाही. १९९३ च्या त्या दोन आढाव्यांचे सार असे की ह्या पद्धतीत विद्यार्थी अधिक रमतात, रोग्याशी प्रत्यक्ष संबंध येतो त्या कामात ते इतरांच्या बरोबरीने किंवा किंचित सरस ठरतात, आणि मूलभूत शास्त्रांच्या लेखी परीक्षांत काही ठिकाणी किंचित मागे पडतात. तेव्हा इंदूरच्या मुलाची भीती सर्वस्वी कल्पित नव्हती. पण तिचा आकार रात्री दोन वाजता दिसतो तितका मोठाही नव्हता. २००० साली एका अमेरिकन आढाव्याने बजावले की जितका पैसा आणि जितकी माणसे ह्यासाठी लागतात तितका फायदा झाल्याचा खात्रीचा पुरावा नाही. २००६ मध्ये तीन मानसशास्त्रज्ञांनी आणखी कडक भाषेत लिहिले की नवशिक्यास थोडक्या मार्गदर्शनावर सोडून देणे हे मन कसे शिकते त्याच्या विरुद्ध आहे. आणि २००८ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात, पदवी मिळवून बाहेर पडलेल्या डॉक्टरांकडे पाहिले तेव्हा, अनिश्चिततेला तोंड देणे आणि माणसांशी वागणे ह्या बाबतीत ह्या पद्धतीचा गुण दिसून आला. अखेरचे दोन पुरावे परस्परविरोधी वाटतात खरे, पण आम्हांस ते तसे वाटत नाहीत. पहिला नवशिक्याविषयी बोलतो आणि दुसरा पदवीनंतरच्या माणसाविषयी.

खुद्द मॅकमास्टरनेही काही हट्ट सोडले. परीक्षेवाचून शिकण्याचा जो आरंभीचा उत्साह होता तो पुढे आवरावा लागला, आणि १९९० च्या दशकात तेथे मास्ट्रिख्तच्या नमुन्याची प्रगती-चाचणी आली. ह्या चाचणीची युक्ती मोठी सुरेख आहे: पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत सर्वांस एकच प्रश्नपत्रिका, सगळ्या वैद्यकावर, वर्षातून अनेकदा. पहिल्या वर्षाच्या मुलास त्यातले थोडेच येते आणि तसे येणे अपेक्षितच असते. त्या परीक्षेसाठी आदल्या रात्री वाचता येत नाही. "किती शिकायचे" ह्या प्रश्नाचे उत्तर तीत नाही, पण आपण कोठवर आलो हे मात्र तीत कळते.

आपल्या देशात वैद्यकाच्या पदवीपूर्व शिक्षणाच्या नियमांत २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिच्यात व्याख्यानांचा वाटा एकतृतीयांशाहून अधिक असू नये आणि उरलेला वेळ चर्चा, प्रात्यक्षिके, लहान गट ह्यांना द्यावा असे म्हटले आहे. नियम चांगला. हिशेब मात्र करून पाहावा. दीडशेची तुकडी आठ-आठांच्या गटांत वाटली तर एकोणीस खोल्या, एकोणीस मेजे आणि एकाच वेळी गप्प बसू शकणारे एकोणीस शिक्षक हवेत. ह्यांतील तिसरी वस्तू मिळणे सर्वांत कठीण. म्हणून कित्येक ठिकाणी "लहान गट" म्हणजे तीस-चाळीस मुले आणि एक ध्वनिक्षेपक असा अर्थ झालेला मुले सांगतात.

ह्या विषयावर बोलताना आपल्यातील काही वडीलधारी मंडळी लगेच म्हणतात की हे सर्व आपल्याकडे पूर्वीच होते. त्या म्हणण्यास आधार नाही असे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात एकाच विद्येच्या लोकांनी आपसांत करावयाच्या संभाषेचा मोठा विचार आहे. स्नेहाने करावयाची चर्चा निराळी आणि जिंकण्यासाठी करावयाची निराळी, असा भेद तेथे केला आहे, आणि समोरची सभा कोणत्या प्रकारची आहे हे ओळखून बोलावे असेही सांगितले आहे. आत्रेयांचे शिष्यही सहाच होते. मंडळास अगदी योग्य संख्या. तैत्तिरीय उपनिषदातील वरुण तर आपल्या मुलास, भृगूस, उत्तर देतच नाही. तप कर म्हणून परत पाठवतो, आणि भृगू एकेक अपुरे उत्तर घेऊन पुनःपुन्हा येतो. ही कथा आम्ही मुलांस सांगितली तेव्हा मुंबईचा मुलगा म्हणाला, "म्हणजे वरुण हे आमचे मौनव्रतवाले सर." भाचा म्हणाला, "नाही. वरुण प्रत्येक वेळी घरी असायचा. तो परत आला की भेटायचा." आम्हांस हे उत्तर पुरेसे वाटले. पूर्वी होते म्हणून आज आपोआप आहे असे मात्र होत नाही. वहिवाट मोडली की हक्क पुन्हा सिद्ध करावा लागतो.

मुले निघाली त्या सकाळी भाच्याने आम्हांस विचारले, "मामा, तुमच्याकडे नवे वकील येतात, त्यांना तुम्ही खटला समजावून सांगता की नुसते कागद देता?" आम्ही सांगितले की आजवर समजावूनच सांगत आलो, आणि त्यात काही वावगे आहे असे अजूनही आम्हांस वाटत नाही. तरी गेल्या महिन्यात मुंडकारांच्या संरक्षणाच्या १९७५ च्या कायद्याखालचे एक प्रकरण आले, तेव्हा कचेरीतल्या दोन तरुण वकिलांपुढे ते बांधलेल्या दोरीसकट ठेवले आणि पंधरा मिनिटे तोंड मिटून बसलो. घड्याळाकडे पाहण्याचा मोह अनावर होता. मुलाने कायद्याचे पुस्तक उघडून कलम शोधावयास आरंभ केला. मुलगी बराच वेळ नकाशा न्याहाळीत होती, मग म्हणाली, "सर, ह्यांची विहीर कोणाच्या बाजूला आहे?" कागदांत ते नव्हते. दुसऱ्या दिवशी दोघेही स्कूटरवर बसून जागेवर गेली आणि संध्याकाळी परतली ती आणखी चार प्रश्न घेऊन.